मशीन म्हाराजाचं गाऱ्हाणं

आमच्या शेजारी लहान मुलांचा एक डॉक्टर आहे. तो सोनोग्राफीच्या मशीनला गाऱ्हाणं घालतो.

तुम्ही आमच्या मालवणाकडचे असाल तर आत्ता हसला असाल. नसाल तर सांगते. आमच्याकडे देवाकडे काही मागायचं असलं की गावाचा मानकरी देवळात उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीनं खड्या आवाजात देवाशी बोलतो. एक वाक्य बोलून थांबतो, आणि जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मग पुढचं वाक्य. जत्रेत घालतात, नवी होडी पाण्यात ढकलताना घालतात, अगदी क्रिकेटच्या सामन्यांच्या उद्घाटनालाही घालतात. पण लॅपटॉपएवढ्या मशीनपुढे हात जोडून, गळ्यात स्टेथोस्कोप असताना गाऱ्हाणं घालणारा माणूस सबंध सिंधुदुर्गात एकच. डॉक्टर विश्राम गावकर. माझा विद्यार्थी.

मी फिलोमिना. गावाच्या तोंडी फिलू टीचर. शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घराची अर्धी बाजू विश्रामला भाड्यानं दिली. पुढे दवाखाना, मागे त्याची राहायची खोली. मधे एकच भिंत, तीही वर कौलांपर्यंत न पोचलेली. त्यामुळे त्याच्या दवाखान्यात कोण शिंकलं, कोण रडलं आणि कोणाच्या सासूचं काय म्हणणं आहे, हे सगळं मला घरबसल्या कळतं. मी कान देत नाही. कानावर येतं.

तर दृश्य असं. तापानं फणफणलेलं पोर आईच्या मांडीवर. त्याला टेबलावर आडवं करायचं नाही, आईपासून सोडवायचं नाही, हा विश्रामचा नियम. पोर मशीनकडे बघून भोकाड पसरायच्या बेतात असतं, तेवढ्यात हा उभा राहतो, हात जोडतो आणि सुरू होतो.

"बा मशीन म्हाराजा!"

बाहेरच्या बाकावरचे आईबाप, आज्या, दुसरी पोरं, सगळे तयारच असतात. "व्हय म्हाराजा!"

"ह्यां लेकरू आज तुज्याफुडे बसला हा, आवशीच्या मांडयेर!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या छातयेत काय पाणी साचला आसात, काय कफ घट्ट झालो आसात, तर ता आमका उघड करून दाखय!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जा तुका दिसणा नाय, ता नायच म्हणान खोटा सांगू नको!"

"व्हय म्हाराजा!"

तिसऱ्या 'व्हय'पर्यंत पोर स्वतःच ओरडायला लागलेलं असतं. ओरडायचं म्हणजे श्वास भरून घ्यावा लागतो. आणि त्या भरलेल्या श्वासावर विश्राम प्रोब, म्हणजे मशीनच्या वायरीला जोडलेला दांडा, हळूच छातीवर टेकवतो. रडारड नाही, धरपकड नाही. याला मी शास्त्र म्हणते, तो भक्ती म्हणतो.

मी मात्र त्या गाऱ्हाण्याला कधी 'व्हय' म्हटलं नव्हतं. प्रश्न धर्माचा नव्हता, दुपारच्या झोपेचा होता. जेवून जरा आडवी झाले की भिंतीपलीकडून पंधरावीस गळे 'व्हय म्हाराजा' करायचे. मी कितीदा तरी भिंतीवर काठी आपटली. पलीकडून विश्राम म्हणायचा, "टीचर उठल्यानी! आता जरा बारीक आवाजात." आणि पोरं आणखी मोठ्यानं ओरडायची.

आता त्या मशीनचं थोडं सांगते, कारण मी शिक्षिका आहे आणि मला राहवत नाही. मशीन नवीन आलं तेव्हा विश्राम छाती शोधत फिरायचा. पोस्टमन आला की पोस्टमनची छाती, विजेचं मीटर बघणारा आला की त्याची. हात बसायला हवा, म्हणायचा. हे मशीन ज्याच्या हातात, त्याच्या हाताइतकंच शहाणं. एकदा माझ्याही पाठीला प्रोब लावला आणि पडद्याकडे बघून आनंदानं ओरडला, "टीचर, तुमच्या फुप्फुसात काय म्हंजे काय दिसणा नाय!"

मला राग आला. इतकी वर्षं वर्गात घसा फोडला, आणि आत काहीच नाही?

"बरा आसा ता! निरोगी फुप्फुस दिसणाच नाय," तो म्हणाला. "आत वारो भरलेलो. आवाज वाऱ्यार आपटता नि परत येता. मगे पडद्यार नुसते रेघो. पाणी नायतर कफ भरलो काय आवाज आत जाता, मगे फुप्फुस दिसूक लागता. वारो माजो वैरी, पाणी माजो सोयरो!"

हे त्याचं पालुपद. कोळ्यांच्या वस्तीतसुद्धा तो हेच ऐकवतो, आणि वाऱ्यापाण्यावर पोट असलेली ती माणसं त्याच्याकडे संशयानं बघतात.

"आणि ह्यां सगळा तुमीच शिकयलास," तो पुढे म्हणाला. "प्रतिध्वनी. आठवीत."

शिकवलं होतं खरं. पण आठवीतला विश्राम मागच्या बाकावर बसून खिडकीतून बाहेर बघायचा. मी प्रश्न विचारायची, थांबायची, आणि त्याच्याकडून कधी उत्तर यायचं नाही. त्याच्या कानात काही शिरतंय असा संशयसुद्धा मला आला नव्हता.

दुसरी त्याची खोड म्हणजे बाटली. प्रोब लावण्याआधी छातीला जेल लावावं लागतं, आणि ते गार असतं. तापलेल्या पोराला गार जेल लागलं की ते दचकतं. म्हणून हा पठ्ठ्या जेलची बाटली सकाळपासून शर्टाच्या आत, बनियनमध्ये ठेवतो. अंगाच्या उबेनं जेल कोमट राहतं. त्याच्या डाव्या बाजूला कायम एक टेंगूळ दिसतं. कुडाळला एका लग्नात त्यानं नवऱ्याच्या काकांना कडकडून मिठी मारली आणि बाटलीचं झाकण उडालं. काकांचा रेशमी सदरा आणि विश्रामचा शर्ट, दोन्ही गिळगिळीत. काका म्हणाले, "डॉक्टर, ह्यां काय?" हा म्हणाला, "काय नाय, तुमची छाती बघूची आसा काय?"

माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत. नावं तर नाहीतच. फुप्फुसं राहतात. आमच्या शाळेनं त्याला बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं. पहिली आलेली मुलगी वर आली, बक्षीस घेतलं, वाकून नमस्कार केला. विश्राम तिच्याकडे बघत राहिला आणि माइकवरच आनंदानं म्हणाला, "अगो, डावी बाजू, खाली, मागसून! थोडा पाणी पण होता!" सभागृहात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलीची आई मात्र उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, आणि मग सगळेच वाजवायला लागले. पहिल्या नंबराला मिळाल्या नसत्या एवढ्या टाळ्या त्या डाव्या बाजूला मिळाल्या.

माझा नातू जेडन मडगावहून सुट्टीला आला आणि त्याला न्यूमोनिया झाला, तेव्हा मी विश्रामवर कधी नव्हे तो विश्वास टाकला. एरवी एक्स-रेसाठी पोराला गाडीत घालून कुडाळ गाठायचं, रांगेत थांबायचं आणि परत यायचं. आणि एक्स-रे रोज रोज काढायचा नसतो. ह्या मशीनमधून किरण येत नाहीत, नुसता आवाज जातो, आपल्याला ऐकू न येणारा. त्यामुळे विश्राम रोज बघायचा. काल एवढा होता, आज एवढा, असं मला बोटानं पडद्यावर दाखवायचा. तो काळा ढग दिवसागणिक आक्रसत गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि त्या दिवसांत मी दुपारी झोपलेही नाही.

जेडन खडखडीत बरा झाला, मडगावला गेला, आणि रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी दोन्ही हात पसरून प्रार्थनेला सुरुवात करताच सगळ्यांच्या आधी ओरडला, "व्हय म्हाराजा!" माझ्या सुनेनं फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

पण विश्राम मशीनचा भाट नाही, हेही सांगितलं पाहिजे. तोंडवलीचा एक होमस्टेवाला मुलाला नुसती सर्दी झाली तरी घेऊन यायचा. "डॉक्टर, एकदा मशीन फिरवा ना!" विश्राम मशीनवर टॉवेल टाकायचा. "ह्या मशीनीक सर्दीचे बारीक डागसुद्दा दिसतत. दिसलो म्हणान औषध पाजूचा? आणि न्यूमोनियो आसा ता सांगता, पण खंयच्या जंतूचो ता तिका कळणा नाय. ता माज्या डोक्यान ठरवचा लागता. आणि माजा डोक्या आज सांगता, पोराक पेज पाज नि घराक जा." शंका असली तर मुकाट्यानं चिठ्ठी लिहून कुडाळला एक्स-रेला पाठवायचा. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

त्याच्या घरात दुसरं कोणी नाही. लग्न राहून गेलं. शिक्षण, मग नोकरी, मग आईचं आजारपण, मग राहूनच गेलं. त्याच्या घराण्याकडे गावच्या देवळातल्या गाऱ्हाण्याचा मान. वडिलांचा आवाज असा की डोंगरापलीकडच्या वाडीत ऐकू जायचा. वडील गेले तेव्हा हा शिकायला बाहेर, म्हणून मान चुलत भावाकडे गेला. आता जत्रेला विश्राम जातो, गर्दीत मागे उभा राहतो आणि सगळ्यांबरोबर 'व्हय' म्हणून परत येतो.

माझी मात्र खात्री होती की त्याचं कुठेतरी काहीतरी आहे. कारण रोज दिवेलागणीला, दवाखाना बंद झाल्यावर, भिंतीपलीकडून त्याचं बारीक आवाजात बोलणं यायचं. एक वाक्य बोलायचा, थांबायचा. पुन्हा बोलायचा, पुन्हा थांबायचा. शब्द कळायचे नाहीत. पण ऐकणाऱ्याला कळतं की हे फोनवरचं बोलणं. आणि इतक्या हळू आवाजात माणूस आपल्या चुलत भावाशी बोलत नाही. मी मनात बाई ठरवूनसुद्धा टाकली होती. कणकवलीची, बँकेत नोकरीला, चष्मा लावणारी.

"काय रे, काल बराच वेळ चालला होतास!" मी सकाळी विचारायची.

"व्हय, काल पोरां खूप होती," तो म्हणायचा आणि बनियनमधली बाटली नीट करायचा. मी म्हणायची, लाजला.

आता शेवंतीबायची गोष्ट. शेवंतीबाय मासे विकते. रोज सकाळी माझ्या पायरीवर टोपली उतरवते, आणि माझ्या विज्ञानापेक्षा तिचा देवावर जास्त विश्वास आहे हे रोज मला ऐकवते. तिची नात रिद्धी, अजून तीन वर्षांचीही नाही, दिवसभर आजीच्या पदराला लोंबकळणारी. ऐन काजूच्या हंगामात रिद्धी आईबरोबर मामाकडे गेली, आणि परत आली ती खोकतच. मामाच्या खळ्यात काजू भाजले होते. सगळी पोरं काजूगर खात, हसत, एकमेकांमागे धावत होती. रिद्धीला मधेच जोराचा ठसका लागला, तोंड लाल झालं, पाठीत थापट्या मारल्या आणि थांबलं. मग नुसता खोकला राहिला. ताप नाही. खेळत होती, खात होती.

तिची आई मानसी तिला घेऊन दवाखान्यात आली. शेवंतीबाय बरोबर होतीच. मी बाहेरच्या बाकावर पालेभाजी निवडत बसले होते, तेव्हा सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

विश्रामनं आधी स्टेथोस्कोप लावला. एका बाजूला ऐकलं, दुसऱ्या बाजूला ऐकलं, पुन्हा पहिल्या बाजूला. एरवी तो ऐकताना गुणगुणत असतो. तेव्हा गप्प झाला. मग गाऱ्हाणं घातलं, पण जरा घाईत. रिद्धी बोबड्या आवाजात "व्हय म्हालाजा" म्हणत होती. प्रोब पुढून फिरवला, बाजूनं फिरवला, पाठीवर फिरवला. पडद्यावर नुसत्या रेघा, एकाखाली एक, सरळ, छान.

इतकी वर्षं बाकावर बसून शेवंतीबायला रेघांचा अर्थ कळायला लागला होता. तिनं पडद्याला हात लावून कपाळाला लावला. "उजवो कौल दिल्यान गो! चेडू साफ बरा आसा!"

चेडू म्हणजे मुलगी. आणि कौल म्हणजे आमच्याकडे देवाला प्रश्न विचारतात, मूर्तीला फुलं चिकटवतात, आणि उजवीकडचं फूल पडलं तर देव हो म्हणाला. एकदा उजवा कौल मिळाला की त्यावर चर्चा नाही.

"शेवंतीबाय, मशीनीक काय दिसाक नाय," विश्राम म्हणाला. "पण माका एका बाजूक वारो कमी ऐकाक येता. काजूगराची फाक श्वासाच्या नळयेत अडाकली आसतली, असो माका संशय आसा. गोव्याक मोठ्या हॉस्पिटलात नेऊक व्हयी. आजच. थयसर दुर्बीण घालून बघतले."

"मशीनीन सांगल्यान ना, सोच्छ आसा म्हणान?"

"मशीन नळयेच्या आत बघूक शकणा नाय."

"मगे इतकी वर्सा आमच्याकडसून व्हय व्हय कित्याक करून घेतलास?" शेवंतीबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "देवान उजवो कौल दिल्यान नि पुजारी म्हणता ता खरा नाय! एवडासा चेडू. तेका गुंगी देऊन घशात दुर्बीण घालतले. माका सांगा, खेळताहा तर कित्याक घालूची?"

बाकावरच्या दोनचार बायका मान डोलवायला लागल्या. मानसी रडायला लागली. रिद्धी मात्र प्रोबला फुंकर घालत होती.

मी विश्रामकडे पाहिलं. मशीनचा देव त्यानंच केला होता, पोरं रडू नयेत म्हणून. आता तोच देव त्याच्या वाटेत उभा होता. फाक खरंच अडकलेली असली, तर हसता खेळता ती सरकेल, दुसरी नळी बंद करेल आणि पोर डोळ्यांदेखत घुसमटेल. आणि अडकलेली नसली, तर एवढ्याशा जिवाला उगाच गुंगी.

तो खुर्चीवर बसला. क्षणभर डोळे मिटले. मग उठला, मशीनसमोर उभा राहिला आणि हात जोडले. आणि असा आवाज काढला की माझ्या हातातली भाजी खाली पडली. त्याच्या वडिलांचा आवाज मी तरुणपणी जत्रेत ऐकला होता. तोच.

"बा मशीन म्हाराजा!"

सवयच ती. सगळं बाक म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

"भिताडाक ओल इली, तर ती तुका भायरसून दिसता!"

"व्हय म्हाराजा!"

"पण आतल्या खोलीत मांजर शिरला, तर ता तुका दिसणा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तुजी नजर वाऱ्याफुडे थांबता, नि ह्या चेडवाच्या छातयेत वारोच वारो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणान तू कौल देवक नाय, तू नुसतो गप रवलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"तर आता मांजर आसा काय नाय, ता दुर्बीणवाल्यान बघूचा, नि शेवंतीबायन नातीक घेऊन आत्ताच्या आत्ता गोव्याक जावचा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज शेवंतीबायचा होता. शब्द तोंडातून गेल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. पण गाऱ्हाण्यात 'व्हय' म्हटलेलं आमच्याकडे कोणी मागे घेत नाही. तिनं पदर खोचला आणि मानसीला म्हणाली, "चल गो. रडतंस काय. व्हय म्हटलंय मी."

विश्रामनं गोव्याला फोन लावून सगळं सांगितलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. वाटेत पोराला काही खायला-प्यायला देऊ नका, असं शेवंतीबायला बजावलं, कारण तिच्या पिशवीत केळी दिसत होती. गाडी सुटली तेव्हा रिद्धी काचेतून हात हलवत होती.

उरलेला दिवस विश्रामनं पेशंट तपासले, पण एकदाही गाऱ्हाणं घातलं नाही. त्या दुपारी माझ्याकडे संपूर्ण शांतता होती, आणि मला झोप लागली नाही.

दिवे लागले. मी माळ हातात घेऊन तेर्स म्हणायला बसले. तेर्स म्हणजे आमची संध्याकाळची माळेवरची प्रार्थना. रिद्धीचं नाव घेतलं आणि सुरुवात करणार, तेवढ्यात पलीकडून विश्रामचं बोलणं सुरू झालं. रोजचंच, वाक्य आणि थांबणं. मला चीड आली. आजच्या दिवशीसुद्धा कणकवली! पण त्या संध्याकाळी त्याचा आवाज रोजच्यापेक्षा वर होता, आणि शब्द कळले.

"बा म्हाराजा..."

थांबला.

"ता चेडू आज माज्या सांगण्यावरसून गोव्याक गेला हा..."

थांबला.

मी माळ धरून तशीच बसले. फोन नव्हताच. कधीच नव्हता. रोज संध्याकाळी, दिवसभरात आलेल्या पोरांसाठी, हा माणूस एकटा गाऱ्हाणं घालत होता. आणि जिथे 'व्हय' यायला हवं, तिथे तेवढा वेळ थांबून पुढे जात होता. मला इतकी वर्षं वाटायचं की त्या थांबण्यात पलीकडून कोणीतरी बोलतंय.

"माका पडद्यार काय दिसाक नाय, म्हाराजा. मी कानान ऐकलंय. माजो कान चुकलो आसात, तर एवड्याशा जिवाक फुकट त्रास झालो, नि ता पाप माजा..."

थांबला. प्रश्न विचारून वर्गात थांबायचं काय असतं ते मी आयुष्यभर केलंय. कोणीच हात वर करत नाही तेव्हा ती शांतता शिक्षकाच्या अंगावर येते. पण निदान समोर मुलं असतात. याच्यासमोर टॉवेल टाकलेलं मशीन असणार.

"लोक माका हसांदेत. पण चेडवाक सुखरूप घराक हाड..."

मी उठून उभी राहिले. माळ हातातच होती. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज अजून शिल्लक होता, तो सगळा लावला आणि भिंतीवरून पलीकडे टाकला.

"व्हय म्हाराजा!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, संकोचला, आता बोलायचा नाही. तेवढ्यात त्यानं घसा साफ केला आणि पुढचं वाक्य आलं, जरा कापरं, पण मोठ्यानं. मी 'व्हय' म्हटलं. मग त्याच्या पुढचं. खोकणारी तोंडवलीची जुळी, ताप न उतरणारा एक मुलगा, कान दुखणारी कोणी एक. नावं त्याला नेहमीप्रमाणे आठवत नव्हती. प्रत्येकासाठी तो मागत होता आणि मी 'व्हय' म्हणत होते. मध्येच फोन वाजला, खरोखरचा.

भिंतीवरून मला शेवंतीबायचा आवाज थेट ऐकू आला, एवढ्या मोठ्यानं ती बोलत होती. "डॉक्टर! गावलो काजूगर! अर्दी फाक! चेडू बरा आसा, जागा झाला, माका म्हणता, आजी, केळा दी!"

विश्राम काय म्हणाला ते मला कळलं नाही. नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी पण डोळे पुसले, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

मला वाटलं, संपलं. पण घातलेलं गाऱ्हाणं असं अर्ध्यावर सोडत नाहीत. भिंतीपलीकडून आवाज आला.

"बा म्हाराजा! आणि भिताडाच्या पलीकडे आमच्या एक टीचर आसत. आठवीत त्या प्रश्न इचारीत, नि मी कधी उत्तर दिलंय नाय. आज तेंनी माका दिल्यानी. तेंका उदंड आयुष्य दी, नि दुपारची झोप सुखाची लागांदे!"

आणि थांबला.

मी पुन्हा डोळे पुसायला घेतले. पण तो पलीकडे थांबून होता. आणि आता मला ठाऊक होतं की तो कशासाठी थांबतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.